मैदान भरलं, मग मतं कुठे गेली? अमेरिकेतल्या प्रायमरीआधीच्या सभा समजून घेताना

१३ एप्रिल २०१६ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कमधलं वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क माणसांनी फुलून गेलं होतं. तिथल्या संगमरवरी कमानीजवळ डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणारे बर्नी सँडर्स बोलत होते आणि आसपासच्या रस्त्यांवरही लोक थांबून ऐकत होते. त्यांच्या प्रचार यंत्रणेने गर्दीचा आकडा २७ हजार सांगितला. चार दिवसांनी ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात त्याहूनही मोठी सभा झाली. त्या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या इतकी गर्दी दुसरं कोणीच जमवत नव्हतं. १९ एप्रिलला मतदान झालं. हिलरी क्लिंटन यांना सुमारे ५८ टक्के मतं पडली आणि सँडर्स यांना ४२ टक्के.

अमेरिकेतल्या निवडणुकीचा हंगाम आला की अशा सभांचे व्हिडिओ आपल्या फोनवर येऊ लागतात. २०२६ च्या नोव्हेंबरात तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागांसाठी मतदान आहे. त्याआधी, साधारण मार्च ते सप्टेंबर, राज्याराज्यांत प्रायमरी होतात. सभेचा व्हिडिओ बघितला की 'हाच येणार' असं वाटतं. निकाल उलटा लागला की 'मतं चोरली' किंवा 'लोक फक्त मजा बघायला आले होते' असे निष्कर्ष निघतात. खरी गोष्ट बहुतेक वेळा नियमांत दडलेली असते, आणि ते नियम समजायला अवघड मुळीच नाहीत.

प्रायमरी म्हणजे पक्षाचं तिकीट ठरवण्याची निवडणूक

आपल्याकडे एखाद्या मतदारसंघात पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. इच्छुक मुंबईला, दिल्लीला खेटे घालतात आणि शेवटी यादी जाहीर होते. अमेरिकेत हे तिकीट मतदार ठरवतात. त्यासाठी जी निवडणूक होते ती प्रायमरी. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत त्याच पक्षाचे इच्छुक एकमेकांविरुद्ध लढतात आणि रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत त्यांचे. जिंकलेले दोघे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत समोरासमोर येतात.

राष्ट्राध्यक्षपदाच्या बाबतीत एक पायरी जास्त असते. प्रत्येक राज्याला ठरावीक संख्येने प्रतिनिधी मिळतात. त्यांना तिकडे डेलिगेट म्हणतात आणि पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात ते उमेदवारावर शिक्कामोर्तब करतात. डेमोक्रॅटिक पक्ष हे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटतो. त्यामुळे न्यूयॉर्क हरूनही सँडर्स यांना तिथले १०८ प्रतिनिधी मिळाले आणि क्लिंटन यांना १३९. काही राज्यांत मतपेटीऐवजी कॉकस होतो. ठरल्या वेळी शाळेत किंवा चर्चमध्ये जमून शेजारीपाजारी तिथेच आपली पसंती नोंदवतात. आयोवा त्यासाठी प्रसिद्ध आहे.

ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले, कारण बहुतेक प्रतिनिधी अजून स्थानिक नेत्यांच्या हातात होते. शिकागोच्या त्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी निदर्शकांवर लाठ्या चालवल्या आणि आत पक्ष दुभंगला. त्यातून नियम बदलले, आणि १९७२ पासून प्रायमरीतली मतं निर्णायक ठरू लागली. तेव्हापासून प्रायमरीआधीच्या सभेला खरं महत्त्व आलं. त्याआधी उमेदवाराने मोजक्या वजनदार मंडळींना बैठकीच्या खोलीत राजी केलं तरी भागत असे.

सभेला कोणीही येऊ शकतं, मत मात्र प्रत्येकाला देता येत नाही

आता न्यूयॉर्कचं कोडं सोडवू. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवताना तुम्ही कोणत्या पक्षाचे आहात हेही लिहिता येतं. 'कोणत्याच नाही' असंही लिहिता येतं. न्यूयॉर्कची प्रायमरी 'बंद' प्रकारातली आहे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षात नोंद असेल तरच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत. आपल्या हाउसिंग सोसायटीसारखं हे आहे. गणपतीच्या आरतीला शेजारच्या बिल्डिंगमधले, भाडेकरू, पाहुणे सगळे येतात, मांडव भरून जातो. पण कमिटीच्या निवडणुकीत मत फक्त ज्यांचं नाव सभासदांच्या रजिस्टरमध्ये आहे त्यांचं.

आणि हे रजिस्टर फार आधी बंद झालेलं होतं. आधीपासून मतदार असलेल्याला पक्ष बदलायचा असेल तर २०१६ च्या प्रायमरीसाठी शेवटची तारीख होती ९ ऑक्टोबर २०१५. मतदानाच्या सहा महिन्यांहून जास्त आधी. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये प्रचाराला सुरुवातही झाली नव्हती, अनेकांना सँडर्स हे नाव नीट ठाऊक नव्हतं. प्रथमच मतदार होणाऱ्यांना २५ मार्चपर्यंत मुदत होती. म्हणजे वॉशिंग्टन स्क्वेअरची सभा सुरू झाली तेव्हा दोन्ही दारं बंद झाली होती. ज्याने आयुष्यभर स्वतःला अपक्ष म्हणवलं आणि त्या संध्याकाळी भाषण ऐकून ज्याचं मन वळलं, त्याला त्या मनाचं मतात रूपांतर करायची वाटच उरली नव्हती.

हे फक्त सामान्य, बेसावध माणसांचं झालं असंही नाही. त्याच वर्षी रिपब्लिकन बाजूला डॉनल्ड ट्रम्प यांची मुलं इव्हांका आणि एरिक न्यूयॉर्कच्या प्रायमरीत स्वतःच्या वडिलांना मत देऊ शकली नाहीत. कारण तेच: वेळेत रिपब्लिकन म्हणून नोंद केलेली नव्हती. ज्यांच्या घरात प्रचार चालू होता त्यांची ही तारीख हुकली, तर सबवेने कामावर जाणाऱ्या माणसाला ती कशी कळावी? मला तो नियम तेव्हाही अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्कने कायदा बदलला आणि पक्ष बदलण्याची मुदत १४ फेब्रुवारीवर आणली. प्रायमरी बंदच राहिली, पण रजिस्टर जरा उशिरा मिटू लागलं.

राज्यागणिक हे चित्र बदलतं. हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलात, जिथे एडिसन आणि जर्सी सिटीच्या भागात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, तर तिथे कोणत्याच पक्षात नसलेला मतदार मतदानाच्या दिवशीच पक्ष सांगून प्रायमरीत मत देऊ शकतो. मात्र एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. टेक्सास आणि मिशिगनमध्ये मतदार यादीत पक्षाची नोंदच नसते, आत गेल्यावर कोणत्या पक्षाची मतपत्रिका भरायची ते तुम्ही ठरवता. पेनसिल्व्हेनिया आणि फ्लॉरिडा बंद प्रकारात मोडतात. न्यू हॅम्पशायरमध्ये अपक्ष मतदारांना दोन्हींपैकी कोणत्याही प्रायमरीत मत देता येतं आणि नावनोंदणी मतदानाच्या दिवशीही होते. २०१६ मध्ये तिथे सँडर्स यांनी सुमारे ६० विरुद्ध ३८ टक्क्यांनी क्लिंटन यांना हरवलं होतं. उमेदवार तेच, वर्ष तेच, फक्त दार उघडं होतं.

म्हणजे दार उघडं असतं तर न्यूयॉर्कही सँडर्स यांनी जिंकलं असतं?

तसं म्हणता येत नाही. या ठिकाणी सँडर्स यांचे चाहते घाई करतात. हिलरी क्लिंटन २००१ ते २००९ न्यूयॉर्कच्या सिनेटर होत्या. कृष्णवर्णीय मतदार, वयस्कर मतदार, कामगार संघटना यांच्यात त्यांचं जाळं वर्षानुवर्षांचं होतं. या मतदारांपैकी बहुतेकजण संध्याकाळी चार तास उभं राहून सभा ऐकायला जात नाहीत. ते मतदानाच्या दिवशी शांतपणे जाऊन मत देतात आणि त्यांचा व्हिडिओ कोणी काढत नाही. सभेची गर्दी तरुण, जवळ राहणारी आणि वेळ असलेली असते. विद्यापीठाला खेटून असलेल्या पार्कात सभा घेतली तर विद्यार्थी येणारच.

मतदार यादीत घोळ झाला नव्हता असंही नाही. ब्रुकलिनमध्ये लाखाहून जास्त नावं यादीतून वगळली गेली होती आणि पुढे शहराच्या निवडणूक मंडळाने यात कायद्याचा भंग झाल्याचं कोर्टात मान्य केलं. ती गंभीर गोष्ट होती. पण दोघांमधलं अंतर सुमारे तीन लाख मतांचं होतं आणि वगळलेली सगळी नावं एकाच बाजूची होती असं मानायला आधार नाही.

गर्दी आणि मतं यांची फारकत दुसरीकडेही दिसते. २००८ च्या जानेवारीत आयोवा जिंकून बराक ओबामा न्यू हॅम्पशायरला आले तेव्हा त्यांच्या सभांना सभागृहं पुरत नव्हती आणि मतदानपूर्व चाचण्यांतही ते पुढे होते. प्रत्यक्षात क्लिंटन यांनी ते राज्य सुमारे ३९ विरुद्ध ३६ टक्क्यांनी जिंकलं. तिथे दार उघडं होतं, तरी गर्दीने दगा दिला.

सभेत प्रत्यक्ष काय घडतं

सुरुवात फोनवर होते. सभेची घोषणा झाली की प्रचाराच्या संकेतस्थळावर नाव, ई-मेल, मोबाइल नंबर आणि पिनकोड देऊन नोंदणी करायची. पैसे पडत नाहीत. पण ही नोंदणी म्हणजे राखीव जागा नव्हे. आसनक्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोकांची नावं घेतली जातात आणि जो आधी पोहोचेल तो आत. म्हणून सभा सातला असेल तर लोक दुपारपासून रांगेत उभे असतात. न्यू हॅम्पशायर किंवा आयोवात प्रायमरीचा काळ ऐन थंडीचा, बर्फाचा. तिथे रांग हीच पहिली कसोटी.

दारात सुरक्षा तपासणी असते आणि ती विमानतळासारखी कडक असते. उमेदवाराला सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण असेल तर धातुशोधक कमानीतून जावं लागतं, आणि मोठ्या बॅगा, छत्र्या, काठीला लावलेले फलक बाहेरच राहतात. या कडक व्यवस्थेमागे रक्तरंजित इतिहास आहे. १९६८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकल्याचं भाषण करून रॉबर्ट केनेडी लॉस एंजेलिसच्या हॉटेलातून बाहेर पडत होते तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या मृत्यूनंतर प्रमुख उमेदवारांना सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण देण्याची तरतूद झाली. तरीही १९७२ च्या मे महिन्यात, मेरीलँडच्या प्रायमरीच्या आदल्या दिवशी, लॉरेल गावातल्या एका शॉपिंग सेंटरमधली सभा संपवून लोकांशी हस्तांदोलन करताना उमेदवार जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळीबार झाला. ते आयुष्यभर कमरेखाली अधू राहिले. दुसऱ्या दिवशी मेरीलँड आणि मिशिगन या दोन्ही प्रायमरी त्यांनी जिंकल्या.

आत गेल्यावर बराच वेळ वाट बघणं असतं. संगीत चालू असतं, कधी एखादा नामवंत बँड फुकट वाजवतो. स्थानिक नगरसेवक, कामगार नेते, एखादा अभिनेता बोलून जातो. स्वयंसेवक छापील फलक वाटतात. व्यासपीठाच्या मागे, कॅमेऱ्यात दिसतील अशा जागी, कोणाला बसवायचं हे आयोजक निवडतात. तरुण, वृद्ध, नर्सच्या गणवेशातली माणसं, वेगवेगळ्या वंशांचे चेहरे अशी ती निवड असते. टीव्हीवर जी 'जनता' दिसते ती बऱ्याच अंशी मांडलेली असते, हे व्हिडिओ बघताना लक्षात ठेवलेलं बरं. उमेदवाराचं भाषण साधारण पाऊण ते एक तासाचं असतं आणि गावोगावी जवळपास तेच असतं. सुरुवातीला स्थानिक दोन वाक्यं, मग ठरलेला मजकूर. जागा संपल्यामुळे बाहेर राहिलेल्यांशी उमेदवार बरेचदा वेगळं, थोडक्यात बोलतो.

मतं मिळत नसतील तर एवढा खटाटोप कशासाठी?

कारण सभेतून मतांपेक्षा आधी माणसं मिळतात. जमलेल्या लोकांना लगेच कामाला कसं लावायचं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण ९ डिसेंबर २००७ चं आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या कोलंबिया शहरात टीव्हीवरच्या लोकप्रिय सूत्रसंचालक ओप्रा विन्फ्री ओबामांसाठी सभा घेणार होत्या. मागणी इतकी वाढली की सभा बंदिस्त सभागृहातून विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये हलवावी लागली. सुमारे २९ हजार लोक आले. बहुतेकांना ओप्रांना बघायचं होतं. आयोजकांनी स्टेडियममध्येच सगळ्यांना फोन काढून एका क्रमांकावर संदेश पाठवायला सांगितला, म्हणजे हजारो नंबर तिथल्या तिथे प्रचाराकडे जमा झाले. मग प्रत्येकाला मोजक्या मतदारांची नावं आणि फोन नंबर देऊन, उभ्या जागेवरून त्यांना फोन करायला लावला. ओप्रांना बघायला आलेला माणूस घरी जाईपर्यंत ओबामांसाठी प्रचार करून मोकळा झालेला होता. सात आठवड्यांनी, २६ जानेवारी २००८ ला, ओबामांनी ते राज्य ५५ विरुद्ध २७ टक्क्यांनी जिंकलं.

या यशात दोन गोष्टी आहेत. दक्षिण कॅरोलायनात पक्षाची नोंद लागत नाही, त्यामुळे गर्दीतला कोणताही नोंदणीकृत मतदार मत देऊ शकत होता. आणि सभा मतदानाच्या दीड महिना आधी होती, त्यामुळे गोळा झालेल्या नावांवर काम करायला वेळ होता. दारोदार जाणं, फोन करणं, मतदानाच्या दिवशी गाडीतून नेणं, ही कामं करणारे हात सभेतूनच सापडतात. म्हणूनच दारात हातात यादी घेतलेला स्वयंसेवक उभा असतो आणि तुम्हाला विचारतो, 'शनिवारी दोन तास देणार का?'

दुसरा फायदा पैशाचा. राष्ट्रीय पातळीवरच्या उमेदवाराला एक व्यक्ती किती देणगी देऊ शकते याला मर्यादा असते. २०१६ मध्ये ती प्रायमरीसाठी २,७०० डॉलर होती. ती गाठणारे श्रीमंत थोडे असतात. सँडर्स सभांमध्ये सरासरी देणगी २७ डॉलरची असल्याचं अभिमानाने सांगत. तेवढी देणगी देणारा पुन्हा पुन्हा देऊ शकतो आणि त्याचा ई-मेल सभेच्या नोंदणीतूनच आलेला असतो. सभेला नाव नोंदवलंत की पुढे अनेक महिने देणगीच्या विनंत्या येत राहतात, त्याचं कारण हे.

सभा कधी आहे, यावर सगळं अवलंबून

१८ मे २००८ ला ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये नदीकाठच्या बागेत ओबामांची सभा झाली. अग्निशमन दलाचा अंदाज बागेत आणि बाहेर मिळून ७० हजारांच्या वर होता. प्रायमरीचा शेवटचा दिवस होता २० मे. पण ओरेगॉनमध्ये मतदान टपालाने होतं, मतपत्रिका कित्येक दिवस आधी घरी येतात, आणि नावनोंदणी २१ दिवस आधी बंद होते. म्हणजे त्या बागेतल्या अनेकांनी मत आधीच दिलेलं असणार, आणि ज्यांची नोंद नव्हती त्यांना काही करता येणार नव्हतं. उरले ते ज्यांची मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मतपत्रिका शेवटच्या दिवशी रात्री आठच्या आत कार्यालयात पोहोचायला हवी होती. त्यामुळे दोन दिवस उरलेले असताना टपालावर न विसंबता ती स्वतः नेऊन टाकणंच शहाणपणाचं होतं. ओबामांनी ओरेगॉन जिंकलं, सुमारे ५९ विरुद्ध ४१ टक्क्यांनी.

न्यूयॉर्कमध्ये २०२५ ला जोहरान ममदानी यांनी महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी मॅनहटनमध्ये मोठी सभा घेतली ती १४ जूनला. मुदतपूर्व मतदान त्याच दिवशी सुरू झालं होतं आणि नव्या मतदारांच्या नोंदणीचा तो शेवटचा दिवस होता. सभेतून बाहेर पडलेला माणूस थेट मत द्यायला जाऊ शकत होता. पक्ष बदलायची मुदत मात्र चार महिने आधीच, १४ फेब्रुवारीला, संपलेली होती. ममदानी ती प्रायमरी जिंकले. २०१६ आणि २०२५ शेजारी ठेवून पाहिलं तर शहर तेच, दार अजून बंदच, पण सभेचा दिवस कॅलेंडर बघून निवडला तर काय साधतं ते दिसतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी सभा? चालते?

चालते. आपल्याकडे मतदान संपण्याच्या ४८ तास आधी प्रचाराच्या तोफा थंडावतात, सभा घेणं गुन्हा ठरतो. अमेरिकेत असा शांततेचा काळ नाही. तिथे बंदी असते ती मतदान केंद्राच्या आसपास. न्यूयॉर्कमध्ये केंद्रापासून १०० फुटांच्या आत प्रचार करता येत नाही. बाकी सगळीकडे शेवटच्या क्षणापर्यंत बोलता येतं. १० फेब्रुवारी २०२० ला, न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीच्या आदल्या रात्री, मँचेस्टरमध्ये ट्रम्प यांची सभा होती आणि तासाभराच्या अंतरावरच्या डरहॅममध्ये सँडर्स यांची, 'द स्ट्रोक्स' या बँडसह. दुसऱ्या दिवशी सँडर्स जिंकले, पण पीट बुटिजेज यांच्याहून फक्त सुमारे सव्वा टक्क्याने.

गर्दीचा आकडा कोण मोजतं?

बहुतेक वेळा प्रचार यंत्रणा स्वतःच जाहीर करते, आणि तो आकडा फुगवण्यात तिचा फायदा असतो. स्टेडियममध्ये खुर्च्या मोजता येतात, दारातल्या कमानीतून किती गेले तेही कळतं. उघड्या मैदानात अंदाज बांधावा लागतो. बर्कलीतले पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांची निदर्शनं खिडकीतून बघताना एक साधी रीत बसवली: मैदानाचे चौकोन करायचे, एका चौकोनातली माणसं मोजायची आणि गुणाकार करायचा. सैल गर्दीत एका माणसाला सुमारे १० चौरस फूट, दाट गर्दीत सुमारे ४.५.

वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क पावणेदहा एकरांचं आहे, म्हणजे सुमारे ४ लाख २४ हजार चौरस फूट. सगळं भरलं तर सैल गर्दीत ४२ हजार लोक मावतील. पण त्यात मोठं कारंजं आहे, झाडं आहेत, कुंपणं आहेत, व्यासपीठाभोवती मोकळी ठेवलेली जागा आहे. म्हणून २७ हजार हा आकडा अशक्य नाही, पण पार्क जवळपास काठोकाठ भरलं होतं असं मानावं लागतं. फोनवर आलेल्या कोणत्याही फोटोला ही रीत लावून बघा. आपल्याकडच्या 'लाखोंच्या' सभांनाही ती तितकीच लागू पडते.

एका मराठी उमेदवाराच्या दोन प्रायमरी

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी लढले. स्वतःचे एक कोटी डॉलरहून जास्त पैसे त्यांनी ओतले आणि टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला. त्यांचे प्रतिस्पर्धी अब्दुल एल-सईद यांची वाट वेगळी होती. त्यांच्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या तरुण नेत्या अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ येऊन गेल्या, आणि ७ ऑगस्टच्या मतदानाच्या दोन दिवस आधी खुद्द सँडर्स यांनी डेट्रॉइट आणि इप्सिलांटीत सभा घेतल्या. मिशिगनमध्ये दार उघडं, म्हणजे गर्दीतल्या प्रत्येक मतदाराला मत देता येत होतं. निकाल लागला: ग्रेचेन व्हिटमर सुमारे ५२ टक्के, एल-सईद ३०, ठाणेदार जवळपास १८. व्हिटमर यांनी राज्याच्या विधिमंडळात अनेक वर्षं काढली होती आणि कामगार संघटना त्यांच्यामागे होत्या. सभांच्या लाटेला आणि जाहिरातींच्या पैशाला ती बांधणी पुरून उरली.

२०२२ मध्ये ठाणेदार डेट्रॉइटच्या भागातून प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले. डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊजण होते, मतं विभागली गेली आणि सुमारे २८ टक्के मतांवर ते पहिले आले. मिशिगनमध्ये पहिला येईल तो विजयी, निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने नोव्हेंबरची निवडणूक ते सहज जिंकले. खासदार कोण होणार ते ऑगस्टमध्येच ठरलं होतं. अमेरिकेत असे एकतर्फी मतदारसंघ खूप आहेत, आणि तिथे राहणारे अनेक मराठी नागरिक नोव्हेंबरात आवर्जून मत देतात पण प्रायमरी सोडून देतात. याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण निवड करण्याची संधी तिथेच असते.

व्हिसावर असलेल्यांनी सभेला जावं का?

सभा ऐकायला जायला कोणालाही बंदी नाही. विद्यार्थी व्हिसावर असाल, एच-वन-बी वर असाल, पर्यटक म्हणून आई-बाबा आलेले असतील, तरी चालतं. मोबदला न घेता स्वयंसेवक म्हणून फलक वाटता येतात, फोन करता येतात. मात्र प्रचाराच्या निर्णयांत, म्हणजे पैसा कुठे खर्च करायचा वगैरे ठरवण्यात, सहभागी होता येत नाही.

पैशाचा नियम मात्र कडक आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याने देणगी देणं बेकायदा आहे, रक्कम कितीही छोटी असो. आणि इथे अनेकांची फसगत होऊ शकते: उमेदवाराच्या अधिकृत दुकानातून घेतलेला टी-शर्ट, टोपी, मग यांची पूर्ण किंमत कायद्याच्या दृष्टीने देणगीच असते. सभेच्या दारात फुकट मिळालेला फलक घरी न्यायला हरकत नाही. विकत घेतलेली टोपी ही वेगळी गोष्ट. ज्यांना देणगी देता येते त्यांनी हेही जाणून असावं की राष्ट्रीय पातळीवरच्या उमेदवाराला दिलेली रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की तुमचं नाव, गाव, व्यवसाय आणि कंपनी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते.

ग्रीन कार्ड असलेल्यांना देणगी देता येते, पण राष्ट्रीय निवडणुकीत मत देता येत नाही. राष्ट्रीय पदासाठीच्या प्रायमरीलाही हेच लागू आहे. वाहन परवाना काढताना समोर आलेल्या अर्जावर चुकून मतदार नोंदणीची खूण केली आणि पुढे मत दिलं, तर नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो, देश सोडावा लागण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सभेच्या दारात नोंदणीचे अर्ज घेऊन उभे असलेले स्वयंसेवक उत्साहाने अर्ज पुढे करतात. ते तुमचा व्हिसा विचारतीलच असं नाही, तेव्हा नागरिक नसाल तर सही करू नका.

नागरिक असाल तर सभेच्या नोंदणीसाठी फोन हातात घेतलाच आहे, त्याच बैठकीत तुमच्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर जाऊन चार गोष्टी बघा: यादीत नाव आहे का, पत्ता सध्याचा आहे का, नावापुढे कोणता पक्ष लिहिलाय, आणि तो बदलायची शेवटची तारीख कोणती. नुकतंच घर बदललं असेल तर पत्ता आधी दुरुस्त करा, कारण मतदारसंघ त्यावर ठरतो.